किडनी अधू आणि लघवीला जळजळ : कोणतं अँटिबायोटिक, किती, आणि ठरवायचं कुणी?

कोरांटी (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार. आईबद्दल लिहितेय. वय ७२, वजन ४८ किलो, वीस वर्षांचा मधुमेह, जोडीला ब्लडप्रेशर. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन गेली दोन वर्षं १.७-१.८ वर टिकून आहे. दर सहा महिन्यांनी नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) दाखवतो.

महिन्याभरापूर्वी आईला उन्हाळी लागली. थेंब थेंब लघवी, आग, रात्रीतून आठ-दहा वेळा उठणं. ताप नाही. जवळच्या डॉक्टरांनी नायट्रोफ्युरॅन्टॉइन दिलं, दिवसातून दोनदा, सात दिवस. थोडा फरक वाटला आणि आठव्या दिवशी पुन्हा तेच सुरू. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सेफिक्झिम दिलं. ते चालू असताना तिसऱ्या दिवशी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) केलं, त्यात 'वाढ नाही' आलं. आग मात्र होती तशीच. सेफिक्झिमचा कोर्स काल संपला. आज लेव्होफ्लॉक्सासिन लिहून मिळालंय. चिठ्ठी समोर आहे, गोळ्या अजून आणलेल्या नाहीत.

तिन्ही वेळा क्रिएटिनिनचा विषय निघालाच नाही. कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. ही माझी चूक झाली असं आता वाटतंय. नेफ्रॉलॉजिस्टची वेळ पुढच्या गुरुवारची आहे.

किडनी अधू असेल तर अशा वेळी औषधच बदलतं का? डोस बदलतो का? आणि हे बघायचं कुणी? आई रात्री बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसते, सारखं उठवत नाही म्हणून. बघवत नाही.

पाऊलवाट (सोमवार, रात्री ९.५८)

थंडी वाजून ताप, कंबरेत एका बाजूला दुखणं, उलट्या, लघवी खूप कमी होणं किंवा आई गुंगीत वाटणं, यातलं काहीही दिसलं तर गुरुवारची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

देशावरची (सोमवार, रात्री १०.२०)

कोरांटी, काळजी करू नका. आमच्याकडे उन्हाळी लागली की धने-जिरे रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी, सब्जा आणि रोज दोन शहाळी. तीन दिवसांत आराम पडतो. मेडिकलमध्ये लघवीची आग कमी करणारं सिरप मिळतं तेही दोन-दोन चमचे पाण्यातून द्या. आणि पाणी भरपूर.

गवतीचहा (सोमवार, रात्री १०.३१)

देशावरची, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे कृपा करून करू नका. माझ्या नवऱ्याची किडनी सहा वर्षांपासून अधू आहे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. चांगल्या किडनीला ते सहज बाहेर टाकता येतं, अधू किडनीला येत नाही. रक्तात साठतं आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. आम्हाला पहिल्याच दिवशी आहारतज्ज्ञांनी शहाळं, संत्र्या-मोसंबीचा रस, केळं, टोमॅटोचं सार यांची यादी हातात दिली होती. आग कमी करणाऱ्या सिरपांतही काहींत पोटॅशियम सायट्रेट असतं, काहींत सोडियमचा क्षार. पहिलं पोटॅशियम वाढवतं, दुसरं ज्यांना सूज आणि बीपी आहे त्यांना नको. बाटलीच्या मागचं वाचल्याशिवाय देऊ नये.

'भरपूर पाणी' हासुद्धा सगळ्यांना लागू होणारा सल्ला नाही. डायलिसिसवर असलेल्यांना दिवसाचं पाणी मोजून असतं.

देशावरची (सोमवार, रात्री १०.३९)

हे खरंच माहीत नव्हतं. सासऱ्यांचं क्रिएटिनिन २ च्या वर आहे आणि उन्हाळ्यात आम्ही त्यांना रोज शहाळं देतो. उद्याच बंद करते आणि डॉक्टरांना विचारते. सांगितलंत, आभारी आहे.

वृक्कमित्र (मंगळवार, सकाळी ६.५०)

मी नेफ्रॉलॉजिस्ट आहे. रुग्ण न तपासता औषध सांगणार नाही, पण प्रश्न इतका नेमका आहे की सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी १.८ या आकड्याचं बघू. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. स्नायू कमी, तर ते कमी तयार होतं. म्हणून सडपातळ वृद्ध बाईचं १.८ आणि धडधाकट तरुणाचं १.८ यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. औषधांचे डोस ठरवायला कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ सालचं सूत्र अजून वापरतात. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. स्त्री असेल तर येणाऱ्या उत्तराला ०.८५ ने गुणा. हे उत्तर म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलीलिटर रक्त साफ करते याचा अंदाज. कोरांटी यांच्या आईंचा आकडा येतो साधारण २१. तेच १.८ क्रिएटिनिन ३५ वर्षांच्या, ७५ किलोच्या पुरुषाचं असेल तर उत्तर ६१ च्या आसपास. रिपोर्टवर एकच आकडा छापलेला, पण किडनीच्या कामात जवळजवळ तिपटीचा फरक.

तुमच्या लॅबच्या रिपोर्टवर ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) छापला असेल तर तो २९-३० च्या आसपास असेल. ते वेगळं सूत्र आहे, त्यात वजन येत नाही. त्यामुळे दोन आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. दोन्ही एकच गोष्ट सांगतायत : काम तिसाच्या आत-बाहेर आहे.

आता नायट्रोफ्युरॅन्टॉइन. मूत्राशयाच्या संसर्गासाठी हे फार चांगलं औषध आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच जंतूंवर अजून चालतं. पण ते रक्तात जवळपास राहतच नाही. किडनी ते गाळून लघवीत सोडते आणि तिथे साठलेलं औषध जंतू मारतं. किडनीच गाळत नसेल तर लघवीत पुरेसं औषध पोचत नाही, आणि रक्तात मात्र ते रेंगाळतं. म्हणजे गुण कमी आणि त्रास जास्त. हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते, मुंग्या, बधिरपणा. मधुमेह्यांच्या नसा आधीच नाजूक असतात. फुप्फुसांवरही परिणाम होऊ शकतो, विशेषतः महिनोन्महिने घेतलं तर. तीसच्या खाली आम्ही ते टाळतो. आईंना चार दिवस थोडा फरक वाटून सगळं परत सुरू झालं, ते या हिशेबात बसतं. खात्रीने अर्थात तपासूनच सांगता येईल.

लेव्होफ्लॉक्सासिनबद्दल संध्याकाळी लिहितो, ओपीडी सुरू होतेय. तोपर्यंत तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टच्या दवाखान्यात फोन करून चिठ्ठीचा फोटो पाठवा. गुरुवारपर्यंत थांबण्याची गरज नाही.

लीड्सकर (मंगळवार, दुपारी १.१५)

मी इथे इंग्लंडमध्ये फार्मासिस्ट आहे. वृक्कमित्र म्हणतात त्याच्याशी सहमत, फक्त रेषा कुठे आखायची याची एक गंमत सांगते. नायट्रोफ्युरॅन्टॉइनच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात अनेक वर्षं ६० च्या खाली देऊ नका असं होतं. इथल्या औषध नियंत्रकांनी २०१४ मध्ये ही सीमा ४५ केली, आणि ३० ते ४४ मध्ये जंतू इतर औषधांना दाद देत नसेल तर ३ ते ७ दिवसांचा छोटा कोर्स सांभाळून देता येईल असं म्हटलं. वृद्धांना टाळायच्या औषधांच्या अमेरिकेतल्या बिअर्स यादीत २०१५ पासून ३० ही सीमा आली. एकच औषध आणि तीन वेगवेगळ्या रेषा. पण २१ सगळ्यांच्याच खाली आहे.

इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून १६ ते ६४ वयाच्या बायकांना साध्या मूत्राशयाच्या संसर्गासाठी आम्ही दुकानातूनच औषध देऊ शकतो. तीन दिवसांचा कोर्स. पण देण्याआधी प्रश्नांची मोठी जंत्री विचारावी लागते, त्यात किडनीचा आजार येतोच. ६५ च्या पुढे डॉक्टरच.

भरतीओहोटी (मंगळवार, दुपारी २.०५)

नायट्रोफ्युरॅन्टॉइनने लघवी गडद पिवळी, तपकिरी होते, हे देताना सांगत जा हो कुणीतरी! आमच्या आजोबांनी पहिल्या दिवशी रक्त पडतंय समजून गावाकडच्या तिन्ही लेकांना फोन करून बोलावून घेतलं. तिघेही रात्रीत आले. लघवीचा रंग कळल्यावर आजोबा म्हणाले, आलाच आहात तर विहिरीची मोटर बघून जा.

आडवाट (मंगळवार, दुपारी ३.४०)

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. किडनी अधू असेल तर कुठलंही अँटिबायोटिक पूर्ण डोसमध्ये घेऊ नका. आम्ही भोगलं आहे.

वडिलांना लघवीतून संसर्ग रक्तात गेला म्हणून दाखल केलं होतं. क्रिएटिनिन ३.५. सेफेपिम नावाचं इंजेक्शन सुरू झालं, पूर्ण डोस, दिवसातून तीनदा. ताप उतरला. चौथ्या दिवशी वडील आम्हाला ओळखेनात. एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायचे, हातांना झटके यायचे, चादरीवरून काहीतरी वेचल्यासारखं करायचे. पक्षाघात म्हणून मेंदूचा सीटी केला, तो साफ. वयामुळे होतं म्हणाले. आम्ही दोन दिवस ते ऐकून घेतलं. मग रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टर मुलीने फाइल चाळताना डोसावर बोट ठेवलं. इंजेक्शन बंद केलं, एक डायलिसिस झालं. तिसऱ्या दिवशी वडिलांनी माझ्याकडे बघून विचारलं, जेवलास का?

तेव्हापासून मी प्रत्येक औषधाचा डोस विचारतो. कुणाला राग आला तरी विचारतो.

निवडुंग (मंगळवार, सायंकाळी ५.१०)

आडवाट, वाचून पोटात कालवलं. पण 'कुठलंही पूर्ण डोसमध्ये नको' याला माझा विरोध आहे. मी आयसीयूत परिचारिका आहे, अकरा वर्षं. याच्या उलटही बघितलंय. रक्तदाब पडलेला पेशंट येतो, क्रिएटिनिन ३ दिसतं, आणि घाबरून पहिल्याच मिनिटापासून अर्धा डोस लिहिला जातो. जंतू भरात असतो तेव्हाच औषध तोकडं पडतं. त्यातले काही हातचे गेले. किडनी वाचवायच्या नादात माणूस.

वृक्कमित्र (मंगळवार, रात्री ८.३०)

आडवाट आणि निवडुंग, दोघंही खरं बोलताय आणि दोन्ही अनुभव एकाच नियमात बसतात.

पहिला डोस किडनीवर ठरत नाही. शरीरात औषधाची पातळी उभी करायला जेवढं लागतं तेवढं लागतंच, किडनी कशीही असो. म्हणून गंभीर संसर्गात पहिला डोस सहसा पूर्ण द्यायचा. किडनीचा हिशेब सुरू होतो तो पुढच्या डोसांपासून, कारण टाकी रिकामी होण्याचा वेग तिथे ठरतो. त्यात एकतर मात्रा कमी करतात किंवा दोन डोसांतलं अंतर वाढवतात. शिवाय क्रिएटिनिन जुनं वाढलेलं आहे की संसर्गाने कालच उसळलं, हेही बघावं लागतं. कालचं असेल तर सलाइन आणि उपचारांनी ते पुष्कळदा दोन दिवसांत खाली येतं. अशा वेळी पहिल्या ४८ तासांत पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांची मात्रा घाईने कापली तर नुकसान होऊ शकतं. जुनं ३.५ असेल आणि चार दिवस पूर्ण सेफेपिम चाललं, तर जे वडिलांना झालं ते होतं. या औषधाचा मेंदूवरचा हा परिणाम पुस्तकात आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता, आणि तो मुख्यतः किडनी अधू असून डोस न बदललेल्या रुग्णांबद्दलच होता. असा रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला तर 'वय झालं' म्हणण्याआधी औषधांचा तक्ता बघायला हवा. त्या डॉक्टर मुलीने तेच केलं.

कोरांटी, लेव्होफ्लॉक्सासिन. या गटाची औषधं किडनीतून बाहेर जातात, त्यामुळे तुमच्या आईंच्या आकड्याला डोस बदलावा लागतो. दुसरं, त्या मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात का? दोन्ही एकत्र आले की साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि अधू किडनीत ती लवकर वर येत नाही. तिसरं, कॅल्शियम, लोह, आम्लपित्ताची पातळ औषधं किंवा फॉस्फेट बांधणाऱ्या गोळ्या सोबत घेतल्या तर हे अँटिबायोटिक पोटातच त्यांना चिकटतं आणि रक्तात जातच नाही. आमच्या रुग्णांना तर यातल्या दोन-तीन गोळ्या रोजच्या असतात. गोळी बरोबर, डोस बरोबर आणि तरी गुण नाही, याचं हे एक नेहमीचं कारण. वयस्करांत टाचेमागची शीर दुखावण्याचा धोकाही आहे. आणि या सगळ्याआधी : आपल्याकडे लघवीतले ई. कोलाय जंतू या गटाला फार मोठ्या प्रमाणात सरावलेले आहेत. कल्चर नसताना हे देणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

कोरांटी (मंगळवार, रात्री ९.०२)

ग्लिमेपिराइड आहे. कॅल्शियमही आहे, दुपारच्या जेवणानंतर. गोळ्या आणत नाही. सकाळीच नेफ्रॉलॉजिस्टकडे फोन करते. पण कल्चरमध्ये तर काहीच आलं नव्हतं ना?

काचपट्टी (मंगळवार, रात्री ९.४५)

याचं उत्तर मी देते, मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये आहे. सेफिक्झिमच्या तिसऱ्या दिवशी दिलेल्या लघवीत औषध असतंच. ते प्लेटवर जंतूंना वाढू देत नाही. मूत्राशयात ते मेलेले नसतात, दबलेले असतात. रिपोर्टवर 'वाढ नाही'. कल्चर पहिल्या गोळीच्या आधी द्यायचं असतं. रिपोर्टला दोन दिवस लागतात, पण नमुना द्यायला पाच मिनिटं. नमुना देऊन लगेच पहिली गोळी घेतली तरी चालतं.

नमुन्याबद्दलही सांगते, कारण आमच्याकडे येणाऱ्या बाटल्यांमधल्या कितीतरी वाया जातात. जागा साध्या पाण्याने धुवायची. सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली बाटलीत घ्यायची. बाटली लॅबमधूनच आणलेली, निर्जंतुक. घरची मधाची धुतलेली बाटली नको. झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. दोन तासांत लॅबला पोचवायची, जमत नसेल तर फ्रिजमध्ये. ज्येष्ठ बायकांना हे एकटीने जमत नाही, सोबत कुणीतरी उभं राहावं.

अजून एक, जे मला फार दिवस कुठेतरी लिहायचं होतं. आमच्या रिपोर्टवर औषधांच्या नावापुढे 'एस' असतं, म्हणजे जंतू त्याला दाद देतो. लोक आणि कधी कधी डॉक्टरही यादीतलं पहिलं 'एस' उचलतात. पण तो निकाल जंतूचा आहे, पेशंटचा नाही. प्लेटला किडनी नसते. नायट्रोफ्युरॅन्टॉइनपुढे 'एस' असेल आणि पेशंटची किडनी वीस टक्क्यांवर असेल, तर ते 'एस' त्या पेशंटच्या उपयोगाचं नाही. आम्हाला फॉर्मवर वय-लिंग येतं, क्रिएटिनिन येत नाही.

वृक्कमित्र (मंगळवार, रात्री ९.५८)

'प्लेटला किडनी नसते.' हे मी उद्या माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

पंचगंगा (मंगळवार, रात्री १०.२५)

कोल्हापूरला माझं मेडिकल आहे. रोज चार-पाच जण येतात, 'लघवीच्या जळजळीची गोळी द्या'. चिठ्ठी नाही. नाही म्हटलं की पुढच्या दुकानात. सेफिक्झिमसारखी औषधं २०१४ च्या मार्चपासून एच-वन यादीत आहेत. चिठ्ठी लागते, रजिस्टरला पेशंटचं, डॉक्टरचं नाव लिहायचं, ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. मी लिहितो. चिठ्ठी असली तरी लोक म्हणतात, तीनच गोळ्या द्या, बरं वाटलं तर पुढच्या नेतो. परत कुणी येत नाही बघा.

आता या धाग्यावरून एक ठरवलंय. साठीच्या पुढचा पेशंट असला की 'किडनीचा काही त्रास, शुगर आहे का' हे विचारूनच अँटिबायोटिक द्यायचं. डॉक्टरांना फोन लावायचा असला तर लावू. आणि अशा पेशंटला सोबत दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या असतील, डायक्लोफिनॅक वगैरे, तर त्याही विचारल्याशिवाय नकोत.

गवतीचहा (मंगळवार, रात्री १०.४०)

पंचगंगा, डायक्लोफिनॅकबद्दल लाखमोलाचं बोललात. माझ्या नवऱ्याची किडनी बिघडायला पाठदुखीच्या गोळ्यांनी मोठा हातभार लावला असं डॉक्टर म्हणाले होते.

मोगरी (बुधवार, सकाळी ११.२०)

आमची गोष्ट को-ट्रायमोक्साझोलची. सासूबाई ६८, ईजीएफआर ३८, बीपीसाठी टेल्मिसार्टन, हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन. लघवीच्या संसर्गावर को-ट्रायमोक्साझोल दिलं. कल्चरप्रमाणेच दिलं होतं, औषध जंतूला लागू होतं. पाचव्या दिवशी पाय लटपटायला लागले, उठता येईना. पोटॅशियम ६.४. तीन औषधं, तिन्ही पोटॅशियम धरून ठेवणारी. रात्रभर आयसीयूत.

त्या वेळी क्रिएटिनिनही १.५ वरून १.९ झालं होतं, आणि सगळे किडनी गेली म्हणून धास्तावले. नंतर कळलं की हे औषध क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट तात्पुरती अडवतं. किडनीचं काम कमी न होताही आकडा वर जाऊ शकतो. बंद केल्यावर आठवड्यात १.५ ला आलं.

वृक्कमित्र (बुधवार, दुपारी २.००)

मोगरी, अगदी बरोबर. बीपीची '-सार्टन' किंवा '-प्रिल' ने संपणारी गोळी चालू असेल आणि को-ट्रायमोक्साझोल द्यावंच लागलं, तर तीन-चार दिवसांत पोटॅशियम तपासायला हवं. औषध वाईट नाही. किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा जो आनुवंशिक आजार असतो, त्यात गाठीत संसर्ग झाला तर गाठीच्या आत शिरणारी औषधं मोजकी, त्यांत हे एक. तिथे ते चार-सहा आठवडेसुद्धा देतात.

शेवंता (बुधवार, दुपारी ३.३०)

हे बायका बायकांशीही बोलायला लाजतात म्हणून लिहिते. पाळी गेल्यावर योनीमार्ग आणि लघवीची जागा कोरडी, पातळ होते, तिथले चांगले जंतू कमी होतात आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. मला दोन वर्षांत सात वेळा झाला, सात वेळा अँटिबायोटिक घेतलं. मग स्त्रीरोगतज्ज्ञांनी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. आठवड्यातून दोनदा. गेल्या सव्वा वर्षात एकदाही नाही. कोरांटी, आईंसाठी हे विचारून ठेवा. ज्यांची किडनी अधू आहे त्यांच्या बाबतीत टळलेला प्रत्येक कोर्स मोलाचा.

दुपारझोप (बुधवार, दुपारी ४.१५)

शेवंता, लिहिलंत हे फार बरं केलंत. मी माध्यमिक शाळेत शिकवते. एसटीने चाळीस किलोमीटर जाऊन येऊन. आमच्या शाळेतल्या सगळ्या बायका सकाळी निघताना पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जायला जागा नाही आणि शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी नाही. दिवसभर दाबून धरायची. विषय किडनीचा आहे म्हणून सांगते, यातूनही दुखणी सुरू होतात. गेल्या वर्षी आम्ही आठ जणींनी मिळून कडी स्वतःच बसवली, आणि आता मुलीही त्या वेळेत जायला लागल्या आहेत.

आजोळ (बुधवार, सायंकाळी ६.००)

एक शंका. आजीची (८१, क्रिएटिनिन २.१) नेहमीची तपासणी केली, लघवीत पस सेल्स (पू-पेशी) १५-२० आणि कल्चरमध्ये ई. कोलाय. पण तिला काहीच त्रास नाही. आग नाही, ताप नाही. डॉक्टर म्हणाले इंजेक्शन घ्यावी लागतील, जंतू फक्त इंजेक्शनलाच दाद देतो. दहा दिवस रोज दवाखान्यात न्यायचं?

वृक्कमित्र (बुधवार, रात्री ९.१५)

लघवीत जंतू आहेत पण त्रास नाही, हे वयस्कर बायकांत खूप सामान्य आहे, मधुमेह्यांत आणि किडनीच्या आजारात तर आणखी. पस सेल्सही असतात. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे : गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गावर रक्तस्राव होईल अशी शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण, एवढे मुख्य अपवाद सोडले तर त्रास नसताना उपचार करायचे नाहीत. उपचाराने जंतू काही दिवसांनी परत येतो, आणि येतो तो आधीपेक्षा हट्टी. आजीची किडनी बघता इंजेक्शनांचा धोका खरा आहे. अमिकासिनसारखं इंजेक्शन किडनीला आणि कानालाही इजा करू शकतं. तुमच्या डॉक्टरांना नम्रपणे विचारा, त्रास नसताना का द्यायचं? मी तुमच्या जागी असतो तर विचारलं असतं.

आडवाट (बुधवार, रात्री ९.४०)

पण डॉक्टर, आमच्या वडिलांना आधी काहीच त्रास नव्हता आणि एकदम रक्तात गेलं. मग वाट बघणं बरोबर कसं?

वृक्कमित्र (बुधवार, रात्री १०.०५)

तुमची भीती मला समजते. अशी घटना बघितलेल्या माणसाला 'थांबा' हा शब्द सहन होत नाही. पण त्रास नसलेल्या सगळ्यांना औषध दिल्याने अशा घटना कमी होतात असं तपासून पाहिलं तेव्हा दिसलेलं नाही. थांबायचं म्हणजे दुर्लक्ष करायचं नाही. पाऊलवाट यांनी वर लिहिलेली लक्षणं फ्रिजवर चिकटवून ठेवायची, आणि त्यातलं एक दिसलं तरी तासाभरात निघायचं.

सह्यकडा (बुधवार, रात्री ११.१०)

लक्षणांवरून आठवलं. माझ्या भावाला जन्मापासून एकच किडनी. ताप, हुडहुडी, दोन दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू, ताप हलेना. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली तर नळीत खडा अडकलेला आणि वरती लघवी तुंबून पू झालेला. युरॉलॉजिस्टनी त्याच रात्री नळीत स्टेंट टाकला. सकाळी ताप नाही. ते म्हणाले, तुंबलेल्या गटारात कितीही फिनेल ओता, आधी तुंबारा काढायला लागतो. ताप असेल आणि किडनी अधू किंवा एकच असेल तर पहिल्याच दिवशी सोनोग्राफीचा आग्रह धरा.

कोरांटी (पुढचा सोमवार, रात्री ८.५०)

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. बुधवारी सकाळी नेफ्रॉलॉजिस्टकडे फोन केला, त्यांनी त्याच दिवशी बोलावलं. लेव्होफ्लॉक्सासिन सुरू करू नका म्हणाले. ताप नव्हता, रक्ताची तपासणी ठीक होती, म्हणून दोन दिवस काहीच न देता शुक्रवारी पुन्हा कल्चर. काचपट्टीताई, तुमची कृती अक्षरशः वाचून दाखवली आईला. मी बाथरूममध्ये उभी राहिले, बाटली मी धरली. त्या दोन रात्री कठीण गेल्या.

रविवारी रिपोर्ट आला. ई. कोलाय, एक लाखाच्या वर, ईएसबीएल प्रकारचा, म्हणजे बरीच अँटिबायोटिकं निकामी करणारा. सेफिक्झिम त्यावर चालणारच नव्हतं, लेव्होफ्लॉक्सासिनही नाही. नायट्रोफ्युरॅन्टॉइनपुढे 'एस'! डॉक्टरांना दाखवताना मी विचारलं, हे 'एस' आईचं आहे का? ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, हे कुणी शिकवलं?

एर्टापेनेमची इंजेक्शनं हा एक पर्याय होता, आईच्या किडनीला रोज एक ग्रॅमऐवजी अर्धा. पण संसर्ग मूत्राशयापुरता आहे, ताप नाही, म्हणून आधी फॉस्फोमायसिन द्यायचं ठरलं. ३ ग्रॅमची पुडी पाण्यात विरघळवून, रात्री झोपताना, लघवीला जाऊन आल्यावर, रिकाम्या पोटी. तीन दिवसांनी दुसरी. सोबत सोनोग्राफी केली त्यात लघवी होऊन गेल्यावरही मूत्राशयात बरीच शिल्लक राहते असं दिसलं. मधुमेहाने मूत्राशयाच्या नसा मंदावल्या आहेत. म्हणून सावकाश, दोनदा बसून पूर्ण रिकामं करायला शिकवलंय. क्रीमबद्दल विचारलं, शेवंताताई. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आहे.

आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता मोठ्या अक्षरांत लिहिलंय : वजन ४८, क्रिएटिनिन १.८, तारीख, आणि खाली 'अँटिबायोटिक लिहिण्याआधी कृपया हे पाहा'. तोच कागद पहिल्या दोन्ही डॉक्टरांनाही देऊन आले. त्यातल्या एकांनी त्याची प्रत ठेवून घेतली.

देशावरची (सोमवार, रात्री ९.०५)

बरं वाटलं वाचून. सासऱ्यांचं पोटॅशियम तपासलं, ५.७ निघालं. शहाळं बंद, औषध सुरू झालंय. गवतीचहा, तुम्हाला कधी भेटले तर पुरणपोळी माझ्याकडून.

निवडुंग (सोमवार, रात्री ९.२०)

आई आता कशा आहेत?

कोरांटी (मंगळवार, सकाळी ७.१०)

काल रात्री पहिली पुडी घेतली. लगेच फरक पडेल असं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. पण रात्री चार वेळाच उठली, आणि खुर्ची दारातून परत स्वयंपाकघरात गेली आहे. पुडीला संत्र्याची चव असते. आई म्हणाली, शहाळं बंद केलंस, हे तरी रोज देत जा.